ख्रिस्ती लोक म्हणतात की देव टाकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला स्वतः शोधत येतो. म्हणजे नेमकं काय होतं? आणि माणूस खरंच बदलतो का?

‘ख्रिस्ती लोक म्हणतात’ असं तुम्ही लिहिलंय म्हणून उत्तर द्यायला बसलो. म्हणण्यात आम्ही तरबेज आहोत. मी नाशिकरोडचा, जन्माने ख्रिस्ती, इथल्या सरकारी छापखान्यातून (आम्ही नुसतं प्रेस म्हणतो) रिटायर झालेला. आमच्या घरात हे एकदा घडलंय आणि त्यावरून दादाचं आणि माझं चाळीस वर्षं भांडण आहे.

आमचा काका, बाबांचा धाकटा भाऊ, दारू प्यायचा. नोकरी गेली, काकू माहेरी गेली. एका नाताळच्या उपासनेला तो पिऊन आला, पाळकसाहेबांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) उपदेश चालू असताना उभा राहून बडबडला आणि जाताना पायरीवर ओकला. पंचांनी मीटिंग घेऊन मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, पटावरून त्याचं नाव काढलं. ठरावाखाली सेक्रेटरी म्हणून सही आमच्या बाबांची. मंडळीचं नाव घेत नाही, पंच सगळे वारले. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं, विहीर बंद केली होती. ती गोष्ट घरात दर नाताळला सांगितली जायची. त्या नाताळलाही सांगून झाली होती.

काका गेला तो गंगेवर. (बाहेरच्यांसाठी: नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो.) रामकुंडाच्या आसपास भिकारी, वेडे, घरातून काढलेले म्हातारे यांच्यात राहू लागला. घरी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव यायचं. ‘प्रभू, हरवलेल्या मेंढराला परत आण.’ आमेन, आणि मग जेवण.

आत्या तेवढी आमेन म्हणायची नाही. ती दवाखान्यात सिस्टर, म्हणजे नर्स होती, लग्न केलेलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची. तिने बाबांना सांगितलं की घाटावरच्या बुधवारच्या बाजारात भाजी स्वस्त मिळते, बुधवारी मी तिकडूनच आणत जाईन. शहर बसने शालिमारला उतरायची, भांडीबाजारातून चालत घाटावर. पिशवीत तळाला तीन ताळी स्टीलचा डबा. भाकरी, पिठलं, कधी सुक्या बोंबलाची चटणी.

पहिल्या बुधवारी काकाने तिला शिव्या दिल्या. दुसऱ्या बुधवारी डबा ठेवून घेतला. तिसऱ्या बुधवारी डबा कुठाय विचारलं तर खाली बघत बसला. भांडीबाजारात मोडीत घातला होता आणि त्याची प्यायला होता. आत्या काही न बोलता उठली आणि दुकानं धुंडाळत निघाली. चौथ्या दुकानात मोडीच्या ढिगात डबा सापडला. बुडाशी तिचं नाव टोचून घातलेलं होतं, आडनावासकट. दुकानदार म्हणाला, बाई, मी पैसे मोजलेत. तिने त्याला पैसे मोजून स्वतःचाच डबा विकत घेतला आणि पुढच्या बुधवारी त्यातूनच भाकरी नेली. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. डबा आणखी एकदा विकला गेला, पुन्हा त्याच दुकानातून आला.

आता मी कुठे होतो ते सांगतो. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. एकदा रविवार कारंजाजवळ काका समोरून आला. पायात दोन वेगळ्या चपला. त्याने मला ओळखलं, हात अर्धा वर केला. बरोबर मित्र होते. मी सायकल वळवली.

मग एका श्रावणात धरणातून पाणी सोडलं आणि दुतोंड्या मारुतीच्या (घाटावरची उंच मूर्ती, नाशिककर तिच्यावरून पूर मोजतात) कमरेला पाणी लागलं. बुधवार होता. बाजार पाण्याखाली, तरी आत्या पिशवी घेऊन निघाली. बाबा म्हणाले, आज कसला बाजार? ती म्हणाली, ‘आज बाजार नाही अण्णा, आज आपला धाकटा आणायचाय.’ बाबांनी मान वर केली नाही. मला म्हणाले, छत्री घे आणि जा हिच्याबरोबर.

काका एका देवळाच्या ओट्यावर सापडला, तापाने फणफणलेला. तिथल्या गुरवाने त्याला वर ओढून घेतला होता आणि अंगावर धोतर टाकलं होतं. रिक्षात काका माझ्या खांद्यावर डोकं टाकून होता आणि मी वासाने तोंड फिरवून बसलो होतो. घरी बाबा दोन दिवस आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःचा वस्तरा आणि साबणाची वाटी घेऊन भावाची दाढी करायला बसले. दोघंही एक शब्द बोलले नाहीत.

तर ‘म्हणजे नेमकं काय होतं’ याचं माझ्याकडचं उत्तर हे असं आहे. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार हवा असेल तर लूकच्या शुभवर्तमानाचा 19 वा अध्याय काढा. जक्कय हा जकातदारांचा मुख्य, लोकांना नकोसा झालेला, बुटका, म्हणून उंबरावर चढून बसलेला. येशू झाडाखाली थांबून त्याला नावाने हाक मारतो आणि सांगतो, मला आज तुझ्याच घरी उतरायचंय. लोक कुरकुर करतात. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलतो. आधी पाहुणा, मग पश्चात्ताप. आमच्या पंचांनी आधी पश्चात्तापाचा अर्ज मागितला असता. मी हा क्रम बायबल स्टडीत मांडला तेव्हा दादा म्हणाला, तू पापाला सूट देतोस. दादा, सूट मी देत नाहीये, लूकने क्रम तसा लिहिलाय.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातली (अध्याय 16) हागारही बघा. गरोदर दासी, छळाला कंटाळून रानात पळालेली. झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला गाठतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? दोन साधे प्रश्न. तीच मग देवाला ‘पाहणारा देव’ असं नाव ठेवते. पण तिला परत त्याच मालकिणीकडे पाठवलं, ते मला आजही पटत नाही. पाळकसाहेबांनी दोनदा समजावलं, नाही पटलं.

आणि हे आमच्या नाशिकात विसरावं? शरणपूर रोडवर पार्किंग शोधणाऱ्या किती जणांना ते नाव कुठून आलं ते ठाऊक आहे? 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनने वसवलेली ती वस्ती. गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन पोरं तिथे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट 1873-74 मध्ये मिशनरी आणि संशोधक-प्रवासी लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही. पोरांची मूळ नावं मात्र गेली, इंग्रजी नावं चिकटली. शोधून आणलेल्यावर आपला शिक्का मारायची खोड आमची जुनीच.

काका बदलला का? दारू सुटली, शिव्या नाही सुटल्या. नंतर नऊ वर्षं जगला, त्यात दोनदा घसरला. एका गोदामावर रखवालदारी केली. चर्चला यायचा, पण मागच्या बाकावर, चपलांजवळ. पटावर नाव पुन्हा चढवायला अर्ज करावा लागणार होता, तो त्याने केला नाही. दर बुधवारी मात्र तोच डबा भरून घाटावर जायचा आणि तिथल्यांना शिव्या देत वाढायचा.

एक राहिलंच. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. घरी आणल्यावर दुसऱ्या रात्री काकाला फिटचा झटका आला. आत्या सिस्टर होती म्हणून वेळेत दवाखान्यात नेलं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं 1986 मध्ये, आमच्या वेळी असं काही माहीत नव्हतं. आज डॉक्टर आहेत, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. प्रार्थना करा, पण तिकडे जाता जाता. आणि गेलेलं प्रत्येक माणूस परत येतंच असंही नाही. त्या ओट्यावर त्या दिवशी आणखी चौघं होते. त्यांचं काय झालं आम्ही विचारलं नाही.

काकाच्या दफनाला दादा मुंबईहून आला आणि साक्ष दिली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं. कुटुंबाच्या प्रार्थनेने हरवलेलं मेंढरू परत आलं, डबा मोल देऊन सोडवला गेला, वगैरे. लोक रडले. आत्या मागे बसून पायाची बोटं चोळत होती, संधिवात होता. मी बाहेर येऊन दादाला म्हटलं, प्रार्थना आपण केली, बस आत्याने पकडली. तो म्हणाला, आणि आत्याला कोणी पाठवलं? तेव्हा मला सुचलं नाही. आजही नीट सुचत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

दादा हे वाचतो, मला माहीत आहे. डबा माझ्याकडे आहे. बुडाशी आत्याचं नाव पुसट झालंय, पण वाचता येतं. मागितलास तरी देणार नाही.