माणसाच्या आणि इतर प्राण्यांच्या शरीरात नेमकं किती टक्के साम्य असतं?

टक्केच हवे असतील तर चिंपांझीशी डीएनए ९८-९९ टक्के जुळतो, तेही मोजायच्या पद्धतीवर. डुकराचं इन्सुलिन आपल्यापेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं, गायीचं तीनने. कित्येक वर्षं शुगरच्या पेशंटांना तेच टोचत होते. पण मला हे साम्य डोळ्यांत दिसलं, एकाच हंगामात दोनदा.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, वावरात पऱ्हाटी. पोळ्यानंतर एका संध्याकाळी कालवड धुऱ्यावरचं गवत खाऊन आली. आदल्या दिवशीच तिथे कीटकनाशकाचा फवारा मारला होता. रात्री तोंडातून लाळेच्या तारा, मांड्या थरथर, पातळ हगवण. ढोरांच्या डॉक्टरांनी आल्या आल्या बॅटरी तिच्या डोळ्यावर मारली. अंधारातल्या ढोराची बाहुली आडवी अन् चांगली रुंद असते. हिची नुसती रेघ, दोऱ्याएवढी. अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा दिला, थांबून परत दिला. पहाटे उठून उभी राहिली.

तीनेक आठवड्यांनी चुलतभाऊ फवारून आला. पंप गळका, पाठ ओली, घामाने चिंब. "डोयासमोर धुकं दिसते," म्हणे. मोठेबाबा म्हणाले, "ऊन लागलं त्याले, कांदा द्या." मी मोबाइलचा लाइट धरला. दोन्ही बाहुल्या मोहरीएवढ्या. मोटरसायकलवर मधात बसवून दवाखान्यात नेला. तिथे फोडलेल्या कुपीवर तेच नाव: अ‍ॅट्रोपिन.

मोठेबाबांचं म्हणणं एकच, "किडीचं औषध हाय ते, माणूस का किडा हाय?"

या बाबतीत आहेच! एक मज्जातंतू दुसऱ्याला निरोप देतो तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने, आणि काम झालं की एक एन्झाइम ते तोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं त्या एन्झाइमलाच धरून बसतात. निरोप थांबतच नाही. म्हणून लाळ, घाम, थरथर, बारीक बाहुली. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलेलं रसायन ते हेच. अळीत, बेडकात, कालवडीत, चुलतभावात, सगळ्यांत तेच. उलट अळीच्या स्नायूंना ते लागत नाही, आपल्या स्नायूंना लागतं. म्हणजे आपण तिच्यापेक्षा जास्त ठिकाणी सापडतो. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीने वीसेक माणसं गेली, तेव्हाही पारावर चर्चा उन्हाचीच होती.

तेव्हा तुमच्या घरी कोणी "माणसाले काही होत नाही" म्हणत असेल तर टक्के सांगत बसू नका. पूर्ण बाहीचा शर्ट, हातमोजे, वाऱ्याला पाठ, आणि आल्याबरोबर साबणाने अंघोळ. कपडे घरच्या धुण्यात नाही टाकायचे. वाद नंतर घाला. आमच्याकडे मी आधी वाद घातला, तिथे चुकलं.

हो, सगळीच कीटकनाशकं अशी वागत नाहीत. काही माणसापेक्षा किडीलाच जास्त पकडतात. बाहुली बारीक दिसली नाही म्हणून घरी थांबू नका, आणि ढोराचं उरलेलं इंजेक्शन माणसाला टोचायचा विचारही नको.

ती कालवड आता दोन वेताची गाय झाली. फवारणी असली की मोठेबाबा तिला चार-चार दिवस धुऱ्याकडे फिरकू देत नाहीत, गोठ्यातच कुटार टाकतात. भाऊ मात्र अजून बनियनवरच जातो.