आईसाठी छोटा, घरगुती वृद्धाश्रम बघायला जातोय. तिथे काय बघावं, काय विचारावं?

मी पुण्यात एका बंगल्यात चालणाऱ्या छोट्या वृद्धाश्रमात सिस्टर आहे. आमच्याकडे सोळा-सतरा आजी-आजोबा असतात. बघायला येणारे आधी बाग बघतात, मग देवघर, मग जेवणाचा तक्ता. तुम्ही लिहिलंय की आई ७९ वर्षांची आहे, विसरायला लागलीय आणि बाथरूममध्ये एकदा पडलीय. मग बाग सोडा. रात्री जागं कोण असतं, ते विचारा.

‘चोवीस तास स्टाफ’ म्हणजे पुष्कळदा एक मावशी हॉलमध्ये गादी टाकून झोपते, एवढंच. दिवसभर पोळ्या तिनेच लाटलेल्या, अंघोळीही तिनेच घातलेल्या. रात्री दोनला आई उठून बाथरूमकडे निघाली तर तिला कळणार कधी? धपकन आवाज आल्यावर. म्हणून रात्रपाळीला किती जण, तीच माणसं दिवसाही राबतात का आणि अंथरुणाला खिळलेले किती, हे नेमकं विचारा. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर बेडसोर, म्हणजे दाब पडून जखमा होतात. एअर बेड असला तरी हे चुकत नाही. असे पाच जण आणि रात्रीला एकच मावशी असेल तर ते होत नाही, मालक कितीही सज्जन असोत.

जायचं ते संध्याकाळी, शक्यतो न कळवता. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार असलेल्यांची घालमेल दिवेलागणीला वाढते. आमच्या एक आजी त्या वेळी पिशवी भरून दाराशी येतात: “मुलं शाळेतून आली असतील, निघते मी.” मावशी त्यांना अडवत नाही. “निघा की, पण एवढी मेथी निवडून द्या आधी,” म्हणून शेजारी बसवते. जुडी संपेपर्यंत पिशवी विसरलेली असते. अशाच वेळी “आजी, गप बसा एका जागी” असंही मी दुसरीकडे ऐकलंय. आणि संध्याकाळी सहाला सगळेच पेंगत असतील तर शंका घ्या. झोपेच्या गोळ्या कुणाला चालू आहेत, कुठल्या डॉक्टरांनी दिल्यात, हे विचारायला लाजू नका.

मग नखं बघा. तिथल्या आजी-आजोबांची. वाढलेली असतील तर बाकीची निगा कशी असेल ते ओळखा. कवळ्यांच्या डब्यांवर नावं आहेत का बघा. कवळ्यांची अदलाबदल झाली की दोघांचंही जेवण सुटतं आणि सगळे म्हणत राहतात, “वयामुळे भूक मंदावलीय.” बाथरूमचं दार बाहेरून उघडता येतं का? कमोडशेजारी धरायला दांडा आहे का?

एक प्रश्न मुद्दाम टाका: “कुणी अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर काय करता?” ‘वय झालं की होतं असं’ हे उत्तर आलं तर तिथून निघा. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, यातलं काहीही असू शकतं. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायला हवं.

छोटी जागा चांगलीच, असं मात्र नाही. चहात कुणाला किती साखर लागते हे इथे सगळ्यांना माहीत असतं, पण दोन मावश्या गावी गेल्या की घडी विस्कटते. गौरी-गणपतीत, दिवाळीत बदली कोण येतं, ते विचाराच.

पैशाचं सगळं कागदावर घ्या. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी का, दरवर्षी वाढ किती, परत नेलं तर अनामत कधी मिळणार. हॉस्पिटलमध्ये हलवायची वेळ आली तर सोबत कोण जातं आणि तुम्ही पोहोचेपर्यंत कोण थांबतं, हेही त्यातच. ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता हॉस्पिटलच्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचं सरकारी आयुष्मान कार्ड २०२४ पासून मिळतं; आईचं काढलं नसेल तर काढून ठेवा. कुठे फारच वाईट वागणूक दिसली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आईला सांगून आणा. ‘दोन दिवस हवापालट’ म्हणून आणलेली माणसं पुढे कितीतरी दिवस बॅगच उघडत नाहीत, आणि राग निघतो मावश्यांवर. ठरवण्याआधी तिला एकदा त्या जागी जेवायला घेऊन जा. ‘पहिला महिना भेटायला येऊ नका, रुळू द्या’ असं काही ठिकाणी सांगतात, मला ते पटत नाही. जरूर या. फक्त निरोप लांबवू नका आणि जेवणाच्या वेळेला निघा, म्हणजे आम्हाला त्यांना लगेच पानावर बसवता येतं.