सातवीतल्या मुलीने एसएटी द्यावी का?

एसएटी म्हणजे अमेरिकेतली कॉलेज-प्रवेशाची परीक्षा, एरवी अकरावी-बारावीची मुलं देतात. तिथे सातवीत असलेली मुलगी वर्गातल्या प्रत्येक चाचणीत ९९व्या पर्सेंटाइलला असेल, तर जरूर द्यावी. सोप्या पेपरात सगळेच हुशार वर टेकतात. कोण किती पुढे आहे हे अवघड पेपरच दाखवतो. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याच विचाराने सातवी-आठवीच्या मुलांना एसएटीचं गणित दिलं होतं.

१३ वर्षांखालच्या मुलांना कॉलेज बोर्डाचं (एसएटी घेणारी संस्था) ऑनलाइन खातं उघडता येत नाही, त्यांची नोंदणी वेगळ्या मार्गाने होते. म्हणून दोन-तीन महिने आधी हालचाल करा. फोटो ओळखपत्राचा प्रश्नही तेव्हाच सोडवा, शाळेचं चालेल असं गृहीत धरू नका.

परीक्षा २ तास १४ मिनिटांची. वाचन-लेखन आणि गणित असे दोन विभाग, प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिला भाग कसा गेला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. लहान मुलं इथेच फसतात: एका अडलेल्या गणितावर आठ मिनिटं घालवतात आणि पुढचे सुटण्यासारखे प्रश्न राहून जातात. अडलं की खूण करून पुढे जायचं, उत्तर मात्र टाकायचंच, कारण चुकीला गुण कापत नाहीत.

तयारी म्हणजे ब्लूबुक ॲपवर (परीक्षा याच ॲपवर होते) एक पूर्ण सराव पेपर, बस्स. महिनोनमहिने क्लास लावलात तर क्षमतेऐवजी क्लासच मोजला जाईल. त्रिकोणमिती शिकवलेलीच नसेल तर ते प्रश्न सुटणार नाहीत, हे तिला आधीच सांगा. आणि निकालाची तुलना बारावीच्या मुलांशी नको, तिच्याच इयत्तेत ही परीक्षा दिलेल्यांशी करा.