गोदीतलं संग्रहालय

प्रश्न : शहरातल्या बंद गोदीत उद्योग-वारशाचं संग्रहालय होतंय. मी नियोजन समितीत आहे. जुनी गोदामं पाडून नवी देखणी इमारत बांधावी का?

उत्तर : कृपा करून पाडू नका! लिव्हरपूलची अल्बर्ट गोदी १८४६ची, विटा, दगड आणि ओतीव लोखंडाची. १९७२मध्ये बंद पडली; पण त्याच गोदामांत पुढे सागरी संग्रहालय आणि १९८८मध्ये टेट कलादालन आलं.

मी यंत्रजतनाचं काम करते, म्हणून आग्रहानं सांगते, क्रेन जागेवरच राहू द्या. रुळांवरून उचलून दालनात मांडली की तिचं नुसतं लोखंड उरतं. ती चालवणारे हयात असतील, तर त्यांचं बोलणं याच महिन्यात ध्वनिमुद्रित करा. मातीही लवकर तपासा, तेल-शिसं मुरलेलं असू शकतं. आणि काठावरची वाट बिनतिकीट ठेवा.