बेलव्ह्यूची नोकरी आणि पुढे गुंतवणुकीचे क्षेत्र

सप्रेम नमस्कार,

तुम्ही पुण्यात मोबाइल नेटवर्कच्या नियोजनाचे काम करता, सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूमध्ये तुम्हाला नोकरी मिळते आहे, आणि काही वर्षांनी अमेरिकेतले दूरसंचार उद्योजक जॉन स्टँटन यांच्याप्रमाणे गुंतवणुकीच्या क्षेत्रात जाता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे याच भागात, याच व्यवसायात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दूरसंचार कंपन्या चालवल्या आणि मग ट्रिलॉजी इक्विटी पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेचे अध्यक्ष होऊन व्यवसाय बदलला, असे स्टँटन यांच्याविषयी समजले जाते. माझ्या मते त्यांनी व्यवसाय बदललाच नाही. ते अभियंते नव्हेत. त्यांनी व्हिटमन कॉलेजात राज्यशास्त्र शिकून हार्वर्डमधून एमबीए केले. १९८२ च्या सुमारास ते क्रेग मॅकॉ यांच्या सेल्युलर कंपनीत अगदी आरंभीच्या माणसांपैकी एक म्हणून दाखल झाले. त्या काळी अमेरिकेत शहरवार परवाने दिले जात होते, पुढे लहान शहरांचे परवाने चक्क सोडतीने वाटले गेले, आणि सोडत लागली तरी नेटवर्क उभारण्याची ऐपत नसलेल्यांकडून ते परवाने कर्ज काढून विकत घेण्यावर मॅकॉ यांच्या कंपनीची वाढ झाली. एखाद्या गावाच्या परवान्यासाठी तिथल्या लोकसंख्येमागे दर माणशी किती डॉलर मोजायचे, हा हिशेब म्हणजेच गुंतवणूकदाराचे काम, आणि तो स्टँटन यांनी विशीतच सुरू केला होता. ही कंपनी १९९४ मध्ये एटी अँड टीने सुमारे ११.५ अब्ज डॉलरना घेतली, पण त्याआधीच स्टँटन बाहेर पडले होते.

त्यांनी उभारलेल्या वेस्टर्न वायरलेसने मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेला पश्चिमेचा ग्रामीण प्रदेश निवडला. तिच्यातून १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या व्हॉइसस्ट्रीमने, देशातले बडे प्रतिस्पर्धी अन्य तंत्रज्ञानांवर असताना, जीएसएम हे युरोपात रूढ असलेले मोबाइल तंत्रज्ञान धरून ठेवले. त्यामुळेच ती युरोपीय खरेदीदाराच्या दृष्टीने मोलाची ठरली. जुलै २००० मध्ये जर्मनीच्या डॉइचे टेलिकॉमशी करार जाहीर झाला तेव्हा त्याचे मूल्य सुमारे ५० अब्ज डॉलर होते, आणि तीच कंपनी आज बेलव्ह्यूच्या फॅक्टोरिया भागात टी-मोबाइल म्हणून उभी आहे. वेस्टर्न वायरलेस २००५ मध्ये ऑलटेल या अमेरिकी दूरसंचार कंपनीकडे गेली. त्यानंतरही ट्रिलॉजीच्या नावाने त्यांनी जुन्याच सहकाऱ्यांबरोबर बोलिव्हिया आणि न्यूझीलंडमधील मोबाइल सेवांत पैसा घातला. न्यूझीलंडची टू-डिग्रीज २००९ मध्ये सुरू झाली.

म्हणून माझा आग्रह असा की, बेलव्ह्यूत आल्यावर भांडवली खर्च आणि स्पेक्ट्रमचे निर्णय जिथे होतात त्या गटाजवळचे काम मिळवा. एका टॉवरवर केलेला खर्च किती ग्राहकांतून, किती वर्षांत वसूल होतो हे सांगू शकणारा अभियंता गुंतवणूक संस्थांना खरोखर हवा असतो.

मात्र स्टँटन यांच्यापुढे नसलेली एक अडचण तुमच्यापुढे असेल. एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर तुम्ही शेअर घेऊ शकता, पण ज्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज केलेला नाही तिचे काम, ती तुमच्या मालकीची असली तरी, करता येत नाही. व्हिसाची मुदत साधारणपणे सहा वर्षे असते, ग्रीन कार्डची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच ती पुढे वाढते, आणि दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत प्रत्येक देशासाठी सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग फार मोठी आहे. नवख्या खासगी कंपन्यांत पैसे घालण्याच्या बहुतेक संधीही ज्यांचे वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरहून अधिक आहे किंवा राहते घर वगळून मालमत्ता १० लाख डॉलरहून अधिक आहे, अशांनाच खुल्या असतात.

तेव्हा पगाराची बोलणी करताना, ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतली पहिली पायरी असलेले श्रम खात्याचे प्रमाणपत्र कंपनी रुजू झाल्यापासून किती महिन्यांत मागणार, हे लेखी घ्या. उत्तर मोघम आले, तर पगार थोडा कमी असला तरी दुसरी कंपनी पाहा, असे मी स्पष्टपणे सुचवतो.