सुडो गेला, परत कसा आणायचा?

प्रश्न : आमच्या संगणक वर्गातल्या उबुंटू या लिनक्स प्रणालीवर स्वतःला नव्या गटात घालताना मी 'यूजरमॉड'ला (खात्याचे गट वगैरे बदलणारी आज्ञा) नुसता मोठा जी (-G) दिला. आता 'सुडो' (प्रशासकाच्या अधिकाराने काम करू देणारी आज्ञा) चालतच नाही. काय करू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मोठ्या जीसोबत छोटा ए राहून गेला. ए म्हणजे 'भर घाला'. तो नसला की नवा गट तेवढा उरतो आणि बाकीचे दुय्यम गट, सुडोसकट, जातात. डेटा मात्र शाबूत आहे, घाबरू नका. संगणक पुन्हा सुरू करून ग्रब मेनूतून (संगणक सुरू होताना येणारी निवड-यादी) रिकव्हरी मोड आणि तिथून रूट शेल, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा देण्याची जागा, उघडा. डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असेल, तर आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' द्या. मग एकाच ओळीत आज्ञा द्या : यूजरमॉड, छोटा ए-मोठा जी (-aG), सुडो, शेवटी तुमच्या खात्याचं नाव. सुडो कोणाला वापरता येईल हे ठरवणारी सुडोअर्स फाइल कधी बदलायची झाली, तर ती मात्र 'व्हिसुडो' या आज्ञेनेच उघडा. तो जतन करण्याआधी चूक दाखवतो.