ही बॅग दोन दिवस उशिरा आली तर? चेक-इन बॅगेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशात चाललोय, दोन मोठ्या बॅगा आणि दोन केबिन बॅगा आहेत. घरात प्रत्येकजण वेगळंच सांगतो, त्यामुळे डोकं भणभणलंय. चेक-इनच्या बॅगेत नक्की काय टाकायचं?

उत्तर : आधी सगळं सामान पलंगावर काढा आणि एकेक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारा, ही बॅग दोन दिवस उशिरा आली तर या वस्तूवाचून माझं अडेल का? अडणार असेल तर ती स्वतःजवळ ठेवायच्या केबिन बॅगेत, नाहीतर खुशाल काउंटरवर देऊन टाकायच्या चेक-इन बॅगेत जाऊ द्या. मी दुसरा कुठलाच नियम एवढ्या पोटतिडकीने सांगत नाही कारण हे माझ्यावर ओढवलंय. पहिलं विमान लेट झालं, मधल्या विमानतळावर मी धावतपळत दुसरं विमान गाठलं पण माझी बॅग मागेच राहिली. पोचल्यावर बेल्टजवळ उभी होते, एकेक करत लोक बॅगा उचलून निघून गेले, शेवटी एक निळी बॅग आणि लहान मुलाची बाबागाडी एवढंच फिरत होतं, मग तेही कुणीतरी नेलं आणि बेल्ट थांबला. माझ्या बॅगेत रोजची थायरॉइडची गोळी, जादाचा चष्मा आणि फोनचा चार्जर होता. बॅग तिसऱ्या दिवशी आली. उशीर होणाऱ्या बॅगांमध्ये सगळ्यात मोठा वाटा असा विमान बदलतानाच राहून गेलेल्या बॅगांचा असतो, त्यामुळे तुमचं विमान मध्ये बदलणार असेल तर हे जास्तच मनावर घ्या.

म्हणजे औषधं (मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट), पासपोर्ट-व्हिसाचे कागद, घराच्या किल्ल्या, दागिने, रोख पैसे, लॅपटॉप, कॅमेरा, चष्मा आणि एक पूर्ण कपड्यांचा जोड हे सगळं तुमच्याजवळ. बाकीचे कपडे, चपला-बूट, टॉवेल, मोठ्या बाटल्या, कात्री, नेलकटर, छत्री, भेटवस्तू हे खाली जाऊ दे. चाकू-कात्रीचं टोक मात्र जाड पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवा, बॅग उघडून तपासणाऱ्याच्या हाताला लागायला नको.

आणि दोघं आहात तर कपडे अदलाबदल करून भरा, तुमचे निम्मे त्यांच्या बॅगेत आणि त्यांचे निम्मे तुमच्या. एक बॅग राहिली तरी दोघांनाही अंगावर घालायला काहीतरी असतं. मला हे एका सहप्रवासी आजींनी शिकवलं, तेव्हापासून मी घरातल्या सगळ्यांना असंच भरायला लावते.

प्रश्न : पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली तर चालते का? केबिन बॅग आधीच गच्च भरलीय.

उत्तर : नाही, अजिबात नाही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये. कारण साधं आहे, बॅटरी बिघडून तापायला लागली तर केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि क्रूला पाणी ओतून ती थंड करता येते. खाली सामानाच्या कप्प्यात ज्वाळा दाबणारा गॅस सोडतात खरा, पण बॅटरीच्या आतून वाढत जाणारी उष्णता त्याने थांबत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानाला आग लागली, सगळे १७६ जण बाहेर पडले, आणि तपासात वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवरच संशय घेतला गेला. त्यानंतर बऱ्याच एअरलाइन्सनी पॉवर बँक वरच्या कप्प्यात न ठेवता हाताशी ठेवायला सांगितलंय, काही ठिकाणी विमानात वापरायलाही बंदी आहे.

मर्यादा १०० वॉट-अवरची (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) आहे, १०० ते १६० असेल तर एअरलाइनची परवानगी लागते, त्याच्या वर चालतच नाही. काढायचं कसं तर एमएएच गुणिले व्होल्ट भागिले १०००. २०,००० एमएएचची ३.७ व्होल्टची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर, काही अडचण नाही. पण आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत काढून घेऊ शकतात, नवीन घ्या.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. विमानात जागा नाही म्हणून गेटवर केबिन बॅग काढून घेतात ना, ती पण मग खालीच जाते. त्या वेळी पॉवर बँक, औषधं आणि पासपोर्ट पटकन बाहेर काढता यायला हवेत, म्हणून मी हे सगळं एका छोट्या पाउचमध्ये अगदी वर ठेवते.

प्रश्न : मागच्या वेळी शॅम्पू सांडून सगळे कपडे खराब झाले. बाटली तर घट्ट बंद होती.

उत्तर : विमान वर गेलं की आतल्या हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी होतो, त्यामुळे बाटलीतली हवा फुगते आणि शॅम्पूला झाकणाच्या फटीतून बाहेर ढकलते. बाटली काठोकाठ भरू नका, थोडी रिकामी ठेवा, दाबली जाणारी मऊ असेल तर थोडी दाबून हवा काढून मग झाकण लावा. झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून लावायचा, त्यावर झाकण पिळायचं, मग बाटली झिपलॉक पिशवीत उभी ठेवायची आणि ती पिशवी बुटांच्या बाजूला, कपड्यांच्या नाही. डिओ, हेअर स्प्रेसारखे डबे खाली चालतात पण एकेक डबा अर्ध्या लिटरपर्यंत आणि सगळे मिळून दोन लिटरपर्यंत, टोपण लावलेलं पाहिजे.

प्रश्न : बाबांचं इन्शुलिन जास्तीचं आहे, निम्मं खाली टाकू का?

उत्तर : नको हो. खालच्या कप्प्यात थंडी किती पडेल याचा भरवसा नाही, आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन नंतर दिसायला ठीक वाटलं तरी वापरायचं नसतं. सगळं केबिनमध्ये, आइस पॅकला थेट टेकू न देता. चिठ्ठी जवळ ठेवा आणि तपासणीला आधीच सांगा, केबिनमधल्या द्रव पदार्थांना असते ती १०० मिलीची अट औषधांना सहसा लावत नाहीत.

प्रश्न : एक बॅग २६ किलो, दुसरी १८. एकूण ४६ च्या आत बसतंय, मग चालेल ना?

उत्तर : तिकिटावर दोन नग, प्रत्येकी २३ किलो असं लिहिलं असेल तर सहसा चालत नाही, प्रत्येक बॅग वेगळी मोजतात. काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून बसण्यापेक्षा घरीच वजन करा. आणि जादा पैसे भरायची तयारी असली तरी ३२ किलोच्या वरची एक बॅग बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, उचलणाऱ्या माणसांच्या पाठीचा प्रश्न आहे तो.

प्रश्न : बॅग आलीच नाही किंवा फुटून आली तर करायचं काय?

उत्तर : विमानतळ सोडायचा नाही, हे पहिलं. बेल्टजवळच्या काउंटरवर तक्रार नोंदवा, त्या कागदाला पीआयआर म्हणतात, त्याचा नंबर घ्या. बोर्डिंग पासला चिकटवलेला बॅगेचा स्टिकर जपून ठेवा, त्यावरच्या दहा आकडी नंबरवरूनच बॅग शोधतात. बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी कळवावं लागतं, उशिरा आली तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत, आणि २१ दिवस झाले तरी आलीच नाही तर हरवली असं धरून दावा करता येतो. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराखाली एअरलाइनची जबाबदारी डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे जास्तीत जास्त १,५१९ एसडीआर आहे, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. ही कमाल मर्यादा आहे, तेवढे आपोआप मिळत नाहीत, सामानाची किंमत दाखवावी लागते. म्हणून बॅग बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा एक फोटो, बंद केल्यावर बाहेरून एक, आणि काउंटरवर टॅग लावला की टॅगचा एक. तो टॅग लावताना त्यावरची तीन अक्षरं तुमच्या शेवटच्या विमानतळाची आहेत ना हे तिथल्या तिथे वाचून घ्या, चुकलं असेल तर बॅग बेल्टवर सरकायच्या आधीच सांगता येतं.